गुलाबी टोप

शुक्रवार, संध्याकाळ. शारजा

ते हसू अजून कानात आहे. शाळेत मोरपिसं लावून कविता म्हणायला उभा राहिलो आणि सगळा वर्ग हसला. पुन्हा चारचौघांत कविता म्हटलीच नाही मी.

आणि आज? नात जपानी फॅशनच्या मेळाव्याला निघाली होती. झालरींचा झगा, गुलाबी केसांचा टोप.

"हे काय सोंग?" मी हसलो.

"आजोबा, इट्स हाराजुकू स्टाइल," एवढंच बोलली. टोप सोफ्यावर टाकून खोलीत गेली. दार बंद.

महिनाभर स्वतः झालरी शिवत होती पोर. मी का हसलो? मीच? टोप अजून तिथेच पडलाय.

बेल वाजली. दारात निळ्या केसांची मुलगी. "अंकल, सानिका रेडी? माझी ग्रँडमा पण येतेय."

मागे अबाया, म्हणजे पायघोळ काळा झगा, घातलेली तिची आजी, आपल्या नातीची लेसची छत्री जपून धरलेली. मी सोफ्यावरचा टोप उचलला.