सत्तरीतला सेनापती आणि माझं लायसन्स

४ एप्रिल २००५, नोव्हाय (अमेरिका)
सकाळी दोन्ही गाड्या गेल्या. आधी सुनील, मग सूनबाई नातीला घेऊन. संध्याकाळपर्यंत मी अन् फ्रिजचा आवाज. नागपूरला स्कूटर काढली की गाव मोकळं. इथे दूध आणायलाही पोराच्या तोंडाकडे बघायचं. हे काही खरं नाही बाप्पा! जेवताना जाहीर केलं, गाडी शिकणार, लायसन्स काढणार. सुनील म्हणे, "बाबा, एकाहत्तराव्या वर्षी? कशाला यार!" बापाला यार.

९ एप्रिल
लायब्ररीतून जाडजूड पुस्तक. बायझंटाईन साम्राज्य, म्हणजे पूर्वेचं रोम. शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, पण रोम पडलं की आमचा धडा खलास. पूर्वेचं पुढे हजार वर्षं चाललं, ते परीक्षेला नव्हतं! त्यात एक सेनापती भेटला. नाव घेताना कवळी सरकते, म्हणून नुसतं सेनापती. परमुलखातला, खोजा केलेला, अंगाने काडी. उमेदीची वर्षं सगळी राजवाड्यात, खजिन्यात गेली. साठीला टेकल्यावर इटलीच्या लढाईवर धाडला. तिथल्या बड्या सेनापतीशी भांडला, परत बोलावला. आटोपला म्हातारा, म्हणाले असतील लोक.

२ मे
लेखी पास. शिकाऊ परवाना हातात. शेजारी लायसन्सवालं कुणी बसलं की चालवता येते. सूनबाई बसते. "बाबा, ब्रेक हळू." गुणी पोरगी. सुनील खिडकीतून बघतो, बाहेर येत नाही.

११ मे
सेनापतीला पुन्हा बोलावणं. वय सत्तरीच्या आसपास! गड्याने ठणकावलं, पुरती फौज अन् पैसा द्या, नाहीतर जात नाही. दिलं. वाटेत शत्रूने रस्ता अडवलेला. हा समुद्रकाठाने निघाला, नद्यांच्या मुखाशी होड्यांचे पूल टाकत. घरात एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

७ जून
नापास. वळणावर हॉर्न दिला. पलीकडचं दिसत नव्हतं, मग? नागपूरला न वाजवता वळलो असतो तर आईमाई उद्धरली असती. परीक्षक बाई दचकल्या. घरी नात हसून लोळली, "आजोबा, दॅट्स सो रूड!" सुनील नाही हसला. "कॅन्सल करा हे. रस्त्यात काही झालं तर? आई गेली तेव्हा मी विमानात होतो, बाबा." फार वाईट वाटलं.

१२ जून
मोठी लढाई वाचली. शत्रूचा राजा सोनेरी चिलखतात, दोन्ही फौजांसमोर घोडा नाचवतोय. कुमक यायची होती, वेळ काढत होता. आमचा म्हातारा ढिम्म! शिपायांना रांगेतच उभ्या-उभ्या जेवायला लावलं. मग ते चालून आले, तिरंदाजांनी दोन्हीकडून झोडपले. राजा मेला.
जेवताना हे सांगत बसलो. सुनील, "मग? पुढे काय झालं त्याचं?" म्हटलं, बरीच वर्षं इटलीचा कारभार पाहिला. नव्या सम्राटाने काढून टाकलं. राणीने म्हणे निरोप धाडला, परत ये, बायकांत बसून सूत कात. नव्वदीपर्यंत जगला म्हणतात. खरंखोटं देव जाणे.
सुनील ताट उचलून गेला. सिंकपाशी उभं राहून, "शनिवारी मी बसतो शेजारी."

१८ जून
बसला. दाराचं हँडल घट्ट धरून. "बाबा, रेड. बाबा, रेड." अरे, दिसतंय मला! कडाक्याचं भांडण. घरी येईतो अबोला. तरी उद्या परत जाऊ म्हणाला...

२२ जुलै
दुसरी टेस्ट. सुनीलने सुट्टी काढली. घरून मीच चालवत आलो. लवकर पोचलोय, गाडीतच लिहितोय, अक्षर गिचमिड. अर्ध्या वाटेपासून हा एक शब्द बोलला नाही. म्हटलं, रागावला. सिग्नलला वळून पाहिलं तर पोरगा गाढ झोपलेला. मान खिडकीला, तोंड उघडं. अजून तसाच आहे.
त्याच बाई फाईल घेऊन येताहेत. याला उठवायला हवं. जरा थांबा हो बाई, दोन मिनिटं झोपू दे.