उजवी कूस

नागेशराव, जयभीम.

मागल्या महिन्यात मी झोपेत उजव्या कुशीवर वळले, तर सगळं घर गरगर फिरायलं. पित्ताच्या गोळ्यांनी काई फरक पडला न्हाई. परभणीच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आडवं करून मान हळूहळू वळवली आन् चक्कर थांबली. कानातले बारीक खडे जागा सोडतात म्हणे.

उजवीकडं वळलं की चक्कर येते, असं तुमीबी म्हणायचा. मला ते निमित्त वाटायचं. मी तुमच्या उजव्या हाताला झोपायची, आन् फारकतीपर्यंत मला तुमची पाठच दिसली. मग मला डावीकडं झोप म्हणायचं की हो!

कान दाखवा, एवढा निरोप तुमच्या बहिणीकडं दिलाय. हे पत्र मात्र टाकणार न्हाई, नव्या बाई वाचतील.

पण त्या कोणत्या बाजूला झोपतात?

सुकेशनी
चुडावा