न उचललेली गोटी

॥ श्री ॥
सांगली, २ सप्टेंबर १९७४

ती. आजीस कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. शालूआत्याबरोबर पाठवलेले लाडू पोचले. निम्मे भाऊसोंनीच खाल्ले. भाऊसो म्हणजे आमच्या क्लबातले बिलियर्ड टेबलाचे जुने मार्कर. टेबलाची हिरवी कापडी गादी झाडायची, गुण मोजायचे, मेंबरांना खेळवायचं, हे त्यांचं काम. दिवाळीला ते काम सोडणार. त्यांच्या जागेवर मी बसावं असं त्यांच्या मनात आहे, पण सेक्रेटरी नानासो वकिलांनी अट घातली. दसऱ्यादिवशी त्यांच्याशी पूलचा एक डाव खेळायचा. जिंकलो तर जागा माझी, हरलो तर वळकटी बांधून गावाकडं.

सरळ बॉल मी सहज खिशात घालतो. बॉल तिरका कापायचा आला की घोटाळा होतो. जिथं लागायला पाहिजे त्या ठिपक्यावर नीट नेम धरतो, तरी दरवेळी जाड, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा मधोमध लागतो आणि बॉल खिशाच्या शेजारी कडेवर आपटतो. भाऊसो म्हणतात, काठी शेळ्या हाकायची नव्हं, घरच्यांना विचार, तुझा आजा पलटणीच्या मेसमध्ये मार्कर होता की. म्हणून विचारतो. आजानं तुला कधी काही सांगितलं होतं का?

लोभ आहेच. उत्तर लौकर पाठव, म्हणजे तो दिसेलही.
तुझा
कृष्णात

॥ श्री ॥
रहिमतपूर, ९ सप्टेंबर १९७४

चि. कृष्णातास बनुबाईचा उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीन डाव वाचलं. दोन डाव कळलं न्हाई, तिसऱ्या डावाला एवढं हसू आलं की चुलीवरचं दूध उतू गेलं. बत्तीस वर्सांत मला ह्ये कुणी इचारलं न्हवतं रं! सांगितलं हुतं का म्हणून काय इचारतोस? शिकीवलं हुतं. रजेवर आलं की अंगणात सासूबाईची लोणच्याची लिंबं घ्यायचं आन वेळूच्या काठीनं खेळायचं. खिसा म्हंजी न्हाणीच्या मोरीचं भोक. सासूबाई म्हणायच्या, पोरगा लष्करात गेला आन बायकू बिघडवून ठेवली. बयाबाईची म्हस त्या वर्सी आमच्याच गोठ्यात याली हुती, पर ते ऱ्हाऊ दे, कागद संपंल.

ऐक. तू ठिपक्याकडं बघतोस ह्येच चुकतं. आपल्या गोटीचं पोट मोठं असतंय, ते ठिपक्याच्या आदीच दुसरीकडं लागतंय. हे म्हणायचे (नाव मी घेत न्हाई, तुला ठावं हाय), की मोरीपासनं लिंबाच्या मधनं एक रेघ ओढायची. लिंबाच्या पाठीतनं रेघ जिथं भाईर येती तितं, लिंबाला चिकटून, एक नसलेली गोटी मांडायची. मनानं न्हाई, हातानं. बोटं गोल करून, हळूच, अंडं ठेवल्यागत. मग लिंबू इसरायचं. आपली गोटी त्या नसलेल्या गोटीच्या जागंवर जाऊन बसंल आशी मारायची. लिंबू आपसुक मोरीत जातंय.

मी सात लिंबं घातली हुती. ह्येंनी नऊ.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे. लाडू पुन्यांदा धाडते, त्या भाऊसोला दावू नगंस.
तुझी आजी

॥ श्री ॥
सांगली, २१ सप्टेंबर १९७४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, जमलं! पहिल्या दिवशी दहातले चार, चौथ्या दिवशी आठ. भाऊसो तोंडात पान धरून बघत राहिले, चावायचं विसरले. मी रोज दुपारी क्लब मोकळा असतो तेव्हा नसलेल्या गोट्या मांडतो आणि मारतो.

पण एक सांगतो, हसू नको. मंगळवारी नानासो वकील एकटेच खेळत होते. मधोमध सरळ मारलेला बॉल टेबलाच्या माथ्याजवळ टक् आवाज करून वळला. तिथं दुसरा बॉल नव्हता. त्यांनी गादीला दोष दिला. गुरुवारी असं तीनदा झालं. गवंड्याला बोलावून पाणसळ लावून टेबल तपासलं, सपाट निघालं. आता मेंबर खेळताना बारीक टक् टक् ऐकू येतं, सुपारी फोडल्यासारखं. जिथं टक् होतं त्या जागा मला ओळखीच्या आहेत. त्या सगळ्या माझ्या आहेत. वकीलसाहेब म्हणाले, टेबल बाद झालं असलं तर मार्कर तरी कशाला पाहिजे.

काय करू ते कळव. लोभ कमी करू नको.
कृष्णात

॥ श्री ॥
रहिमतपूर, २५ सप्टेंबर १९७४

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आगं बया, मी इसरलेच! त्या म्हशीपायी इसरले बग. मारून झालं की गोटी उचलायची आसती रं. तू नुसत्याच मांडत गेलास व्हय? सगळं टेबल भरलं असंल, लगीनघरात पाटावर पाट मांडल्यागत! हे न चुकता उचलायचे. वाकायचे, बोटं मिटायचे आन सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकायचे. धुवायला काढलेल्या सदऱ्याचा डावा खिसा कायम खाली लोंबल्याला असायचा. सासूबाई म्हणायच्या, ह्यो खिशात काय दगडं घालतो का काय.

जा, एकेक जागा आठवून उचल. उचलली की हाताला कळंल. भिऊ नगंस, तुज्याच हायत त्या.

पेरू पाडाला आल्यात. आठवण ठेव, आमी तर ठेवतोच.
तुझी आजी

॥ श्री ॥
सांगली, ७ ऑक्टोबर १९७४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

उचलल्या. दोन दुपारी लागल्या. हाताला गार लागतात, विहिरीतल्या खड्यासारख्या. आता वकीलसाहेबांचा बॉल सरळ जातो, टेबलाबद्दल ते काही बोलत नाहीत. अट मात्र कायम आहे.

पण एक गोटी उचलत नाही. उजव्या कोपऱ्यातल्या खिशापासून हातभर अंतरावर आहे. तिथं मी कधीच मांडली नव्हती. माझ्या सगळ्या गार होत्या, ही कोमट आहे. दोन्ही हातांनी बोटं मिटली तरी जागची हलत नाही. भाऊसोंना टेबल कुठून आलं विचारलं. ते म्हणाले, इंग्रज गेल्यावर पलटणीच्या मेसमधलं सामान लिलावात निघालं, तेव्हा क्लबानं घेतलं. टेबलाच्या पोटाशी पलटणीचा आकडा कोरलेला आहे. मी खाली झोपून वाचला. तुझ्या ट्रंकेत आजाचा पितळी बिल्ला आहे, त्यावरचाच आकडा.

दसरा तोंडावर आला. ती जागा माझ्या वाटेत येते. मला भीती वाटते, आजी. असाच लोभ असू दे.
कृष्णात

॥ श्री ॥
रहिमतपूर, ११ ऑक्टोबर १९७४

चि. कृष्णातास आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

बिल्ला काढून बघितला. तोच आकडा. मला एवढा आनंद झाला की शेजारच्या चंद्राबाईला साखर दिली. तिनं इचारलं कशाची, तवा म्हणलं घरातलं माणूस सापडलं.

तुज्या बापाला बी म्या ह्ये सगळं सांगितलं न्हाई. पलटण ब्रह्मदेशाकडं निघाली त्या दिवशी हे एका साहेबाला तिरका मार शिकवत हुते. गोटी मांडली आन बिगूल वाजला. पलटणीतला कोंडीबा संगट हुता, तो वाचून आला, त्यानं सांगितलं. कोंडीबा म्हणाला, गड्या, उचल की ती. तर हे म्हणाले, ऱ्हाऊ दे, मार ऱ्हायलाय, येऊन मारतो. मग तार आली. बेपत्ता. मेला न्हाई, जिता न्हाई. तवापासनं लोकं कुंकवाकडं बघत्यात आन मी लोकांकडं बघते.

जो माणूस कवा गोटी इसरत न्हवता त्यानं ती मुद्दाम ठेवली. ती उचलू नगंस रं. मार ऱ्हायलाय तिच्यावरचा. तो मार झाला की उचलंल ती. तुला तिच्यावर मारायची पाळी आली तर डोळं ह्येंच्या गोटीवर ठेव, काळीज घट्ट कर आन मार.

जीव लावतोस तसाच लावत ऱ्हा.
तुझी आजी

॥ श्री ॥
सांगली, दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, जागा मिळाली. पण कशी ते ऐक.

शेवटी काळा बॉल तेवढा राहिला, तो घालेल तो जिंकणार. वकीलसाहेबांचा मार चुकला. काळा बॉल गडगडत कोपऱ्याकडं आला आणि वेगात असताना एकदम टक् करून थांबला. वकीलसाहेब म्हणाले, हे काय! भाऊसोंनी टोपी काढून हातात घेतली. काळा बॉल आजाच्या गोटीला चिकटून उभा होता. खिशापासून रेघ ओढली तर दोघांच्या मध्यातून सरळ गेली. मला काही मांडायचंच नव्हतं, बत्तीस वर्षांपूर्वीच मांडलेलं होतं.

मार लय बारीक होता. मी काळ्याकडं बघितलंच नाही. बॉल सोडला. माझी काठी थांबली, तरी माझ्या मागं आणखी एक काठी गादीवर घासल्याचा आवाज आला. काळा खिशात पडला. टाळ्या वाजल्या. मी वाकून बोटं मिटली. या वेळी गोटी हाताला आली.

शालूआत्याबरोबर लाडवांच्या डब्यातून पाठवतो. डबा उघडताना जपून. लोभाची कमतरता नाहीच, तरी मागतो.
कृष्णात मार्कर

॥ श्री ॥
रहिमतपूर, ४ नोव्हेंबर १९७४

चि. कृष्णात मार्करास आजीचे आशीर्वाद, मोजू नगंस. वि. वि.

डबा पोचला. शालू म्हणाली, मोकळा डबा कशाला धाडलाय, पर एस्टीत तिचा खांदा अवघडून गेला हुता. मी तिला च्या दिला आन लावून दिली. काल दुपारी अंगण सारवून वाळू दिलं. एक लिंबू ठेवलं. मोरीपासनं रेघ ओढली, डब्यात हात घातला. कोमट हुती. लिंबाच्या पाठीला मांडली. वेळूची काठी शेजारी ठेवली आन घागर घिऊन आडावर गेले. मुद्दाम जरा लांबचा आड धरला. बयाबाईशी बोलत बसले, तिच्या म्हशीचं अजून सरलं न्हाई.

परत आले तर लिंबू मोरीत. काठी भिताडाला टेकवून ठिवल्याली. मी खाली बसून सगळं अंगण चाचपलं. गोटी न्हाई. मी उचलली न्हवती.

खुंटीवर त्येंचा सदरा हाय, दर वर्सी धुते तो. डावा खिसा खाली लोंबतोय. आत हात घालून बघितला न्हाई. त्येंच्या खिशात मी कवाच हात घालत न्हवते.

दिवाळीला ये. तीन पानं वाढीन. माया आटू दिऊ नगंस, आमा दोघांवर बी.
तुझी आजी