अण्णांच्या कुशीतली सात अंडी

२ फेब्रुवारी १९५४, मंगळवार

बसली! सगुणाने घरून आणलेली नऊ अंडी कोंबडीखाली सरकवली, तर हूं की चूं नाही. पिसं फुगवून टोपलीत ठाण मांडलं. सगुणा म्हणते एकवीस दिवस. चारकोपची ही मासेवाली, पण कोंबड्यांतलं तिला सगळं ठाऊक.

अण्णांना मागच्या पडवीतली कोंबडी अजून पटत नाही. "आपल्यात मासे चालतात. कोंबडी? विटाळ!" डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं अंडं मात्र नाक मुरडत संपवतात.

९ फेब्रुवारी

भर दुपारी कोठीचं दार लावून एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. सातांत लाल शिरांचं जाळं, मधे काळा ठिपका — हलला! खरंच हलला! दोन नुसतीच स्वच्छ, आत काही नाही. ती काढली. कोंबडीने मनगटावर चोच मारली. बरोबरच आहे तिचं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेले. अण्णांच्या अर्धांगाला पाच महिने झाले. परवा गरम पाण्याच्या पिशवीने डाव्या दंडावर फोड आला, तरी त्यांना पत्ता नाही. डॉक्टर दारात हळूच म्हणाले, "सहा महिन्यांत संवेदना नाही आली, तर मग आशा कमीच." अण्णांनी ऐकलं असावं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड. जेवले नाहीत. मला फार भीती वाटते.

१५ फेब्रुवारी

कोंबडी अंडी चोचीने उलटीपालटी करते. हिला कोणी शिकवलं?

२० फेब्रुवारी, शनिवार

मुंगसाने डाव साधला. सकाळी कोंबडी दाणे टिपायला उतरली आणि कुंपणापाशीच — पिसं तेवढी उरली. अंडी अजून कोमट. टोपली पोटाशी धरून बसले, काही सुचेना. तेवढ्यात सगुणा आली.

"बाय, ररतंस काय? आमचे डोकरीनं कुशीन धरून पिल्ला कारली व्हती. अंगाची ऊब पायजे निस्ती." तिच्या आजीने म्हणे अंडी कुशीत धरून पिल्लं काढली होती.

पण मला शाळेत शिकवायला जायचं, स्वैपाक करायचा. दिवसभर निजून राहणार कोण? दोघींनी एकदमच अण्णांकडे पाहिलं.

"मी काय खुडूक कोंबडी आहे?" अण्णा कडाडले. आठ दिवसांतलं पहिलं पुरतं वाक्य! सगुणा ऐकते थोडीच. अंडी मऊ फडक्यात गुंडाळून त्यांच्या डाव्या अंगाला ठेवली — ते अंग हलत नाही, फुटायची भीती नाही. वरून गोधडी.

२२ फेब्रुवारी

शाळेतून आले, तर अण्णा, "शू! आवाज करू नकोस. आतून बोलतायत."

कान लावला. कवचाच्या आत बारीक चिवचिव! अजून जन्म नाही, आणि गप्पा सुरू. अण्णांचं म्हणणं, त्यांनी "या" म्हटलं की आतून उत्तर येतं. तीनदा तपासलं. येतं!

रात्री भात मागून घेतला त्यांनी. मला रडूच आलं.

२४ फेब्रुवारी

पाच निघाली. दोन आतच राहिली. आधी ओली, अगदी बेरूप, तासा-दोन तासांत पिवळीधम्मक. पहिल्या दिवशी दाण्याला तोंड लावत नाहीत — सगुणा म्हणते, पोटात बलक असतो. पण पुढे टिपायला शिकवणार कोण? आई तर नाही. म्हणून अण्णा उजव्या हाताच्या बोटाने ताटलीवर टकटक करतात आणि पिल्लं त्या बोटाकडे धावतात. माझ्या टकटकीला एकही येत नाही! हेवाच वाटला.

२८ फेब्रुवारी, रविवार

पिल्लं ताटली उलथतात, भिजवलेल्या कण्या अंथरूणभर. अण्णांनीच युक्ती काढली. कण्या त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायच्या. तो हात ढिम्म हलत नाही. "निदान एवढ्या तरी कामाचा," म्हणाले. मला हसवेना.

३ मार्च

तांदूळ वैरत होते. खोलीतून अण्णा पिल्लावर खेकसले, "हळू रे मेल्या, लागतं!" मी हसले. मग हात थांबला. पिल्लं डाव्या तळहातावर खात होती.