काळ्या दगडातले अण्णा

शनिवार पेठ, पुणे
ता. ३ डिसेंबर १९६६

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

तू कात्रजला सुखरूप दगड फोडत असशील असे धरून चालतो. काल माझा जुना विद्यार्थी दीनानाथ येऊन गेला. वर्गात त्याने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. आता शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. शाळेच्या दारात माझा अर्धपुतळा बसवायचा ठराव झाला म्हणे. पुतळा झाल्यावरही माणूस जिवंत राहिला तर चालते का, एवढेच मी विचारले. चालवून घेऊ म्हणाला.

काम तुझ्याकडे येणार आहे. मुलाने वकिली सोडून छिन्नी धरली, याचा शाळेला एवढा उपयोग होईल हे मला तेव्हा सुचले नव्हते.

सौ. आनंदीस आशीर्वाद. तिला सहानुभूती वेगळी कळवत नाही, ती कायमची आहे.

अण्णा

कात्रज
ता. ११ डिसेंबर १९६६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पावले. आशीर्वाद दोनदा वाचले, कारण बाकीचे एकदाच सोसले.

दगड उत्तम मिळाला. हातोडीने वाजवला की घंटेसारखा खणखणतो. आत चीर असती तर बद्द वाजला असता. कमिटीने तुमचा फोटो धाडला आहे. त्यात पगडी आहे, उपरणे आहे, मिशा आहेत. उरलेल्या जागेत तुम्ही असाल.

खांदे उतरले, कान झाले. चेहऱ्याशी मात्र हात अडतो. ही माती नव्हे. काळ्या पाषाणात एक टवका जास्त उडाला की परत लिंपता येत नाही. आणि खरे सांगू? तुमचा चेहरा मला नीट माहीतच नाही. तुमच्यासमोर उभा राहिलो की मी माझ्या पायाची बोटे पाहत असे आणि तुम्ही वर्तमानपत्र. तेव्हा थोडे दिवस माझ्यासमोर येऊन बसाल का? बोलण्याची सक्ती नाही, असे आनंदीने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आपला आज्ञाधारक (नाइलाजाने),
अनंत

शनिवार पेठ
ता. १६ डिसेंबर १९६६

चि. अनंतास आशीर्वाद.

येतो. खुर्चीला हात हवेत, चहात आले नको. दगडाची कपची डोळ्यात गेली तर फिर्याद करीन. तुझ्या बरोबरीच्या मुलांनी वकिली सोडलेली नाही.

दीनानाथाचा निरोप आहे की चेहरा कडक हवा, पोरांना धाक बसावा. मी जन्मभर केलेले काम आता दगडाकडून करून घेणार. निदान तो पेन्शन मागणार नाही.

अण्णा

कात्रज
ता. ६ फेब्रुवारी १९६७

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

काल कमिटी शेडमध्ये येऊन पुतळा पाहून गेली. दीनानाथराव म्हणाले की कारागिरी झकास, पण हे सर नव्हेत. सर असे मायेने कधी कुणाकडे पाहत नसत. भुवया खाली घ्या, ओठ आवळा, नाहीतर पुतळा घेणार नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या; कमिटीत त्यासाठीच असतात.

मला जे समोर दिसले तेच मी कोरले. त्यांनी सांगितले तसे करताही येईल, पण मग हा चेहरा गेला तो गेलाच. तुम्ही तर शेवटच्या दिवशीही पुतळ्याकडे न बघता छत्री उचलून बसकडे निघालात. चेहरा तुमचा आहे. तुम्हीच सांगा, छिन्नी लावू का?

अनंत

शनिवार पेठ
ता. १० फेब्रुवारी १९६७

चि. अनंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुम्ही दोघे खडकवासल्याला गेला होतात, तेव्हा मी येऊन गेलो. तुझ्या सोनबाने शेड उघडून दिली. दगडाशी काम करूनही माणूस मऊ आहे; काही न विचारता खुर्ची पुढे ठेवून बाहेर गेला. बराच वेळ बसलो. असला म्हातारा मला आरशात कधी दिसलेला नाही.

तिथून तडक दीनानाथाकडे गेलो. त्याला सांगितले, तू मला वर्गात पाहिलेस. मुलगा दगडातून नाक काढतो आहे आणि मी त्याच्याकडे बघत बसलो आहे, तेव्हाचा मी तू पाहिलेला नाहीस. न पाहिलेल्या गोष्टीवर ठराव करू नये. तो म्हणाला, मग सर, हा पुतळा शाळेत बसणार नाही. मी म्हटले, शाळेचे दार अरुंदच आहे.

छिन्नी लावलीस तर खबरदार. बाहेरच्या खोलीतले कपाट हलवून जागा केली आहे. पुतळा उचलायला माणसे आण, पण तू स्वतः ये, आनंदीलाही आण, आणि जेवल्याशिवाय जाऊ नका.

कळावे, लोभ असावा. बापाने मुलाला असे लिहायचे नसते, हे मला ठाऊक आहे, शिकवू नकोस.

अण्णा