खडक लागेपर्यंत

९ फेब्रु. १९३६
गोविंदभाई पाटलांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. गोड. अशा वेळी लोक गूळ वाटतात. पाटलांनी शिव्या वाटल्या. पाणी नको, खडक हवा! म्हसावदच्या व्याह्याची विहीर डोंगराकडची. तिथे लवकर काळा खडक लागला, त्यावरून चिरेबंदी भिंत उचलली, विहिरीचं लग्न लावलं. पंगतीत व्याही म्हणाला, "तुम्हना तापीकाठले गाळशिवाय काय शे?" तेव्हापासून पाटलांना अन्न गोड लागत नाही. मोट लावून पाणी उपसतात, आणखी खाली खणतात. विहिरीतून पाणी हाकलणारा गृहस्थ प्रथमच पाहिला.

११ फेब्रु.
शाळेच्या मास्तरने न विचारता मत दिलं. पुण्याकडचा, मिशी कोरलेला इसम. मला 'शास्त्रीबुवा' म्हणतो, ते आदराने नव्हे. काठावर भर गर्दीत व्याख्यान: खंडं सरकतात. आपला भूभाग आफ्रिकेपासून तुटला, उत्तरेकडे आला, आशियावर रेटला. मधल्या समुद्राचा गाळ चुरगळून वर आला, तोच हिमालय. त्या ओढाताणीत इथला काळा खडक फाटला. सातपुडा वर राहिला, तापीचा पट्टा खचला. नदी तो खळगा गाळाने भरतेय, अजून. "खडक आहे, पाटील. पण इतका खोल की तुमचे नातू-पणतू खणत बसतील."
पाटील: "मन्हा बापनी जमीन खचेल शे? तू कोन सांगनारा?"
आधी व्याह्यापुढे नाक, आता बापाची जमीन. माणसं दुखवण्याची विद्या मास्तरला उत्तम अवगत.

१३ फेब्रु.
मास्तरशी वाद. म्हटलं, आमच्या पुराणात पर्वतांना पंख होते, हवं तिथे उडून बसत. इंद्राने छाटले म्हणून स्थिरावले. तुम्ही नवं काय सांगता? म्हणाला, "तुमचे बसले, शास्त्रीबुवा. माझे अजून चाललेत." कशाच्या जोरावर, विचारलं. ते म्हणे अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही. म्हणजे आमच्याकडे निदान इंद्र तरी आहे.
खरं उत्तर घरी आल्यावर सुचलं. लिहिण्यासारखं नाही.

१७ फेब्रु.
खाली वाळूचा थर. कडेला भिंत नाही. गाळात विहीर बांधायची रीत इथल्या पोरासोरांनाही ठाऊक: लाकडी चाक ठेवायचं, त्यावर विटा रचायच्या, खालची माती काढत जायची. चाक वजनाने उतरतं, भिंत आतल्या माणसांना राखते. पाटील ऐकेनात. "चाकवरनी ईहीर गरीबनी. मन्ही खडकवरच उभी ऱ्हाई." सातपुड्यातले पावरा मजूर उघड्या खड्ड्यात.
आज वाळू ढासळली. मजुरांचा म्होरक्या दित्या कमरेपर्यंत गाडला गेला. दोराने ओढून काढला. पाय सुजून टम्म.
पाटलांनी त्याला काय विचारावं? "खाले काय दिसनं रे?"

१९ फेब्रु.
कुदळ खणकन वाजली. पाटील नाचायचे बाकी. मला निरोप: खडक लागला, धुळ्याच्या तुमच्या साप्ताहिकात छापा, म्हसावदला दोन अंक पाठवा. वर काढला तर गोटा. भोपळ्याएवढा, गुळगुळीत. मास्तर म्हणाला, "नदीने आणलेला. खाली पुन्हा वाळूच." पाटलांनी तोच गोटा त्याच्या पायांवर टाकला. नेम चुकला. दोघांपैकी कुणासाठी वाईट वाटावं, कळेना.
शाळा-कमिटीचे अध्यक्षही पाटीलच. संध्याकाळी मास्तरला बजावलं: जमीन हिंडस ना? मंग तू बी हिंड तिन्हा मांगे. शाळेत पाय ठेवू नको.
बातमी लिहिली नाही.

२० फेब्रु.
मजूर काठावर बसून. उतरेनात. पाटील काठी आपटतायत: "कामचोर! उतरा!" दित्या लंगडत माझ्यापाशी आला. "दादा, तू पेपरात लिहितो. तू सांग. खाली दगड हाय का? उतरू का?"
पाटील बघतायत. मास्तर बघतोय. मला दोघांचीही तोंडं आवडत नाहीत.
म्हटलं, "दगड नाही. उतरू नको."
मजुरांनी कुदळी तिथेच टाकल्या. होळीला जायचंच होतं, आधीच डोंगराची वाट धरली. पाटील माझ्या पायांशी थुंकले. "बामन, आजपाईन मन्ही ओसरी तुले बंद."
मास्तर हसत आला, हात पुढे केला. त्याला सांगितलं, "हसू नका. तुमची बाजू खरी निघाली, हा माझ्यावरचा दुसरा अपमान."

२२ फेब्रु.
पाटलांची गाडी पहाटे खापरला गेली, बाजारातून नवी माणसं आणायला. आज दुपारीच खड्ड्यात उतरवणार. डोंगरातून नुकती खाली आलेली माणसं. वाळूचं, दित्याचं त्यांना कोण सांगणार?
रस्ता एकच. गाडी अडवायला नाल्याच्या उतारावर बाभळीखाली बसून हे लिहितोय. शेजारी मास्तर. गाडीवर पाटलांचा थोरला असणार, लाठीसकट.
लहानपणापासून संस्कृत घोकलं. 'खाली उतरू नका' एवढं त्यांच्या बोलीत सांगता येत नाही. शेवटी मास्तरला विचारलं. त्यालाही येत नाही.
वळणावर धूळ. बैलांच्या घुंगरांचा आवाज