कूलरची हवा आधी सैपाकघरात

सदर, नागपूर

आई, तुले दामिनीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण टाइमावर होते. फोन बाबाच धरून बसतात, म्हणून हे पत्र लिहून राहिली.

आमच्या ऑफिसनं आखलेल्या फ्लॅटचं काम सुरू झालं. पश्चिमेले विटांची जाळी आहे, म्हणजे ऊन बाहेर अडते अन् हवा आत येते. बिल्डिंग कितीही चकाचक असो, उन्हाळ्यात लोक खिडकीले स्टँड ठोकून कूलर टांगतातच. म्हणून कूलरची जागा आम्ही नकाशातच धरली.

ती मी सैपाकघरात काढली, गॅसपासून जराशी बाजूले. सर म्हणाले, "काहून? फोडणीचा ठसका हॉलमध्ये जाईन ना!"

मी म्हटलं, "जाऊ द्या सर. खाणाऱ्यालेही कळू द्या."

सर हसले अन् नकाशा पास केला.

आता ऊन तापाले लागलं. मागच्या वर्षीसारखी तुले गॅसपाशी चक्कर तर येत नाही ना? खरं सांगजो.

होळीले आल्यावर आपल्या सैपाकघराची भिंत फोडून कूलरसाठी खिडकी काढीन. हे पत्र बाबाले तूच वाचून दाखव, अन् विचार, हॉलमधला कूलर तुम्ही काढता का दामिनी येऊन काढीन?

तुही,
दामिनी